पाणी प्याला का?

“फोटो झ्याक हाय. पाणी प्याला का पन?”

उन्हाळ्यात आमच्या पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपवर कुणीही फोटो टाकला, की त्याखाली काकांचा हा प्रश्न यायचाच. कुणी स्वर्गीय नर्तकाची लांब पांढरी शेपटी टिपलेली असायची, कुणी भर दुपारी बाभळीखाली चोच उघडी टाकून बसलेला भारद्वाज. बाकीचे अंगठे आणि टाळ्या पाठवायचे. काका विचारायचे, पाणी प्याला का. नव्या माणसाला वाटायचं, हे चेष्टा करतायत. तुम्हीही उन्हात पक्षी बघत हिंडत असाल, तर त्या प्रश्नाने एकदा तरी चपापला असता. कारण आपल्याला ते माहीतच नसतं. आपण फोटो काढतो आणि निघतो.

मला मात्र हा प्रश्न आधीपासून ओळखीचा होता. काकांनी तो मला पहिल्याच भेटीत विचारला होता.

आमचं गाव साताऱ्याच्या पूर्वेकडं, दुष्काळी पट्ट्यात. घरी मेंढरं. कॉलेजात जाणारी आमच्या घरातली मी पहिलीच, त्यामुळं प्रवेशाला काय काय लागतं हे सांगणारं कुणी नव्हतं. साताऱ्याला निघालेल्या एसटीत बसल्यावर लक्षात आलं की अर्जाला लावायचा फोटोच नाही. वडील म्हणाले, “कोरेगावात उतरू. तितं काढू.” स्टँडजवळ जो पहिला स्टुडिओ दिसला, तो काकांचा.

मी स्टुलावर बसले. काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि परत खाली घेतला.

“पाणी प्यालीस का?”

मी मान हलवली. प्याले नव्हते. ते आत गेले आणि तांब्या घेऊन आले.

“पी. तान फोटोत दिसती, पोरी. लग्नात नवऱ्या मुलीलाबी मी आदी हेच इचारतो. पाटंपासनं उपाशी उभी असती बिचारी, आन् आमी म्हनतो हास.”

मी पाणी पीत होते तेव्हा वडील भिंतीकडं बघत होते. भिंतीवर सगळ्या नवऱ्या मुली. मुंडावळ्या बांधलेल्या, मेंदीचे हात गालाला लावलेल्या. त्यांच्या मधोमध एक मोठी चौकट होती, काच लावलेली, पण आत काहीच नाही.

“ह्यात कोन न्हाई व्हय?” वडिलांनी विचारलं.

“यायचाय अजून,” काका म्हणाले. “पखुर्डीचा नर.”

वडिलांना हसू आवरलं नाही. “त्यो काय तुमच्या स्टुलावर बसायचा न्हाई.”

“न्हाईच बसत. लय वर्सं झाली, वाट बगतोय. पोटाची पिसं पाण्यात भिजवून पिलांसाठी नेतो बगा, तेवढा एक फोटो पायजे.”

पखुर्डी म्हणजे माळावर राहणारा, कबुतराएवढा, मातीच्या रंगाचा पक्षी. चालला तर दिसतो, बसला तर ढेकूळ. वडिलांनी मेंढरं पाण्यावर नेताना ते भिजणं बघितलं होतं. मग दोघं इतका वेळ बोलत बसले की आमची पुढची गाडीही चुकली. निघताना काकांनी माझा नंबर घेतला आणि मला ग्रुपात घातलं. त्या ग्रुपात साताऱ्याचे, सांगलीकडचे, कुठले कुठले लोक होते. मी नुसतं वाचत राहिले. काही लिहायला हात धजत नव्हता.

काका पक्ष्यांबद्दलही लग्नाच्या भाषेतच बोलायचे. उन्हाळ्यात शिंजीर निळा-जांभळा चमकायला लागला की लिहायचे, “नवरा मुलगा नटला.” बगळ्यांची रांग उसावरून गेली की, “वऱ्हाड निघालं.” कोकिळेने कावळ्याच्या घरट्यात अंडं घातल्याचं कुणी कळवलं, तर त्यांचं एका ओळीचं उत्तर, “ह्यांच्या मानपानात मी पडत न्हाई.”

त्यांची अडचण अशी की लग्नं उन्हाळ्यात, आणि पाणवठ्यावर पक्षी गोळा होतात तेही उन्हाळ्यातच. पखुर्ड्या सकाळी ऊन जरा तापलं की पाण्यावर येतात. हळदीचीही तीच वेळ. काका हळदीच्या मांडवात उभे असायचे आणि वरून पखुर्ड्यांचा आवाज आला की कॅमेरा तसाच धरून आभाळाकडं बघायचे. त्यांच्या कित्येक हळदींच्या फोटोंत नवरी जरा तिरकी आलीय, असं काकू सांगायच्या. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. स्टुडिओतला कॉम्प्युटर त्याच सांभाळायच्या.

गेल्या उन्हाळ्यात पूर्वेकडच्या माळावरचा पाझर तलाव आटला. मधोमध एक डबकं राहिलं, अंगणाएवढं. आसपास दुसरं पाणी नाही. म्हणजे पखुर्ड्या येणार तर तिथंच. काकांनी एक अख्खं लग्न दुसऱ्या फोटोग्राफरला देऊन टाकलं. मला म्हणाले, “तुज्याच गावाकडं हाय, ये. औंदा मिळनार. छातीत धडधडतंय आता चढाला. फुडच्या साली जमंल न जमंल.”

निघताना काकू दारात उभ्या होत्या. “आवं, लोकांचं लगीन सोडून पाखराच्या बारशाला निघालाय,” त्या म्हणाल्या. पण भाकरी त्यांनीच बांधून दिली होती.

आमच्याबरोबर विट्याचे शेठ होते. ते तिकडं दक्षिणेत सोनं गाळायच्या दुकानात असतात, आणि सुट्टीला गावी आले की हातभर लांब लेन्स घेऊन हिंडतात. फोटो जरासा हलला तरी पुसून टाकणारा माणूस. स्वभावाने अगदी मोकळे.

काकांनी लपून बसायला तंबू शिवला होता. जुन्या मांडवाच्या कापडाचा. चिखलात बुडवून बुडवून कापड मातकट केलेलं. डबक्याच्या अगदी जवळ तो उभा करून आम्ही तिघं आत शिरलो. आत बसल्यावर वर बघितलं, तर मांडवाची जरीची झालर तशीच शिवलेली.

“काका, ही झालर?” मी हळूच विचारलं.

“आतल्या अंगाला हाय,” ते म्हणाले. मग ओशाळून म्हणाले, “उसवायचं जिवावर आलं. लय लग्नं बगितल्यात तिनं.”

ऊन चढलं. पखुर्ड्या आल्या. आधी आवाज, घशातल्या घशात बोलल्यासारखा, मग थवा. डबक्यावरून एक फेरी मारली, दुसरी मारली, आणि उतरल्या त्या पार लांब, माळावर. तिथं नुसत्या बसून राहिल्या. वारा आला की तंबूचं तोंड हलायचं आणि झालर उन्हात चमकायची. मी हाताने धरून बघितली. तरी त्या येईनात. पुन्हा उडाल्या, पुन्हा फेरी, पुन्हा तिथंच.

शेठ कुजबुजले, “बसा की काका निवांत. तान लागली की येत्यात.”

काकांचा हात कॅमेऱ्यावर होता. इतक्या उन्हाळ्यांत पखुर्ड्या इतक्या जवळून टिपायची संधी त्यांना कधी मिळाली नव्हती. मला वाटलं, अजून थोडं थांबलो तर नक्की येतील. खरंच आल्या असत्या.

“तान लागल्यावर कोनबी येतंय,” काका म्हणाले. “शेठ, उठा.”

“आवं, आता उठायचं? एवढं लगीन सोडून आलाय तुमी.”

“उठा म्हंतो न्हवं. पिलं आसतील कुनाची तरी.”

ते स्वतः आधी बाहेर पडले. तंबू उतरवला, गुंडाळला, काखेत मारला. आम्ही मागं सरकत सरकत पार बांधापर्यंत गेलो. तिथं थांबून काकांनी दगड गोळा केले आणि वाकून, दम खात, त्यांची एक रांग लावली. “ह्याच्या फुडं कुनी जायाचं न्हाई. ग्रुपवर टाका.”

आम्ही त्या रांगेच्या अलीकडं बसलो. मग पखुर्ड्या चालत चालत डबक्याकडं आल्या. काकांनी कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. इतक्या लांबून त्यात काय मिळणार? त्यांनी दुर्बीण डोळ्याला लावली. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. मग दुर्बीण माझ्या हातात दिली.

एक नर पाण्यात पोट टेकून बसला होता आणि अंग डुलवत होता. फडकं भिजवून घ्यावं तसा. बाकीच्या पिऊन उडाल्या, तो बसूनच होता. मला वडील आठवले. मला होस्टेलवर सोडायला आले तेव्हा पत्र्याची पेटी डोक्यावर आणि हातात घरच्या पाण्याची कळशी घेऊन आले होते. तिथलं पाणी पोरीला मानवलं नाही तर? मला तेव्हा त्या कळशीची लाज वाटली होती. आता दुर्बिणीतून नीट दिसेना.

“प्याला का?” काकांनी विचारलं.

“प्याला,” मी म्हणाले.

“मग झालं.”

परतताना शेठ त्यांना चिडवत होते, “काका, चौकट मोकळीच र्‍हायली की.” काका म्हणाले, “र्‍हाऊ द्या. काच तरी पुसायला येती.”

त्या पावसाळ्यात काका गेले. छातीचं दुखणं होतंच. ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडले. कुणीतरी त्यांचा फोटो मागितला, तर कुणाकडंच एकट्याचा धड फोटो नव्हता. मी काय लिहावं हे मला सुचलं नाही, म्हणून मी काहीच लिहिलं नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात ग्रुपवर पुन्हा फोटो यायला लागले. नर्तक आला, शिंजीर आला. खाली अंगठे, टाळ्या. काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं, पण प्रश्न कुणी विचारत नव्हतं.

मग विट्याचे शेठ सुट्टीला आले आणि मला फोन करून म्हणाले, “तळ्यावर जाऊया.” मी वडिलांनाही घेतलं. तलावात यंदा पाणी जरा बरं होतं. दगडांची रांग होती तशीच होती. मेंढरं जाऊन येऊन दोन-चार दगड सरकले होते, ते वडिलांनी जागेवर लावले. शेठ न सांगता रांगेच्या अलीकडं बसले. त्यांची लेन्स आता आणखी लांब आहे. पण ऊन तापल्यावर जमिनीवरची हवा अशी थरथरते, की इतक्या लांबून कुठलीही लेन्स आणली तरी चित्र विरघळून जातं.

पखुर्ड्या आल्या. एक नर भिजला. शेठनी फोटो काढला आणि पुसला नाही. संध्याकाळी तोच ग्रुपवर टाकला. बहुतेक माळ, पाण्याची एक पट्टी, आणि कडेला मातकट ठिपका. खाली एकही अंगठा आला नाही. मग सांगलीकडच्या, मी कधीही न भेटलेल्या एका बाईंनी लिहिलं, “पाणी प्याला का?”

मी त्या ग्रुपात पहिल्यांदाच काहीतरी लिहिलं. “प्याला. घेऊनही गेला.”

परवा कोरेगावात उतरले होते. स्टुडिओ काकू चालवतात. भिंतीवर नवऱ्या मुली आहेत तशाच आहेत, आणि मधल्या चौकटीत शेठचा तो फोटो. एक बाई लेकराला स्टुलावर बसवत होती. तिने भिंतीकडं बघून विचारलं, “मावशी, ह्यात काय हाय ओ? नुस्ता माळच दिसतोय.”

काकू लेकरासाठी तांब्यातून पाणी ओतत होत्या. त्यांनी मागं वळून बघितलंही नाही.

“जवळ जाऊन बघ की,” त्या म्हणाल्या. “हितं चालतंय.”