शेडखालचे दोन गोलकीपर

मलकापुरात कापसाचा हंगाम सरला की जिनिंगचं आवार रिकामं पडतं. कॉलेजात असताना आमच्या फुटबॉल संघाचा सराव तिथेच चालायचा. संघाचा म्हणायचं एवढंच, कारण आम्ही दोघे गोलकीपर त्यात नसायचोच. बाकीची पोरं आवारभर धावायची, दोन दगड ठेवून त्यांच्यामधून गोल मारायची. आम्ही दुसऱ्या टोकाला, शेडखाली असायचो. डागाळलेला कापूस भरलेली बारदानं तिथे अंथरलेली असायची. त्यांच्यावर आम्ही आळीपाळीने उड्या मारायचो. तो चेंडू फेकायचा, मी झेलायचो. मग मी फेकायचो.

ही आमच्या जुन्या सरांची रीत होती. सर प्रेमळ होते. सामन्याआधी कीपरचं बोट मोडलं तर काय, ही धास्ती त्यांना कायम असायची. शिवाय त्यांचा एक सिद्धांत होता. ते म्हणायचे, "जागलीवाल्याले कोनी पेरनीले नेते का? त्यानं राखन करावं." रात्री पिकाची राखण करणाऱ्या माणसाशी आमची तुलना ऐकून सगळे माना डोलवायचे. शेतकऱ्यांचीच पोरं सगळी, त्यांना पटायचं. मला मात्र राग यायचा. जागलीवाल्याला निदान शेत कुणाचं ते तरी माहीत असतं. आम्हाला आमच्याच बचावपटूंचा डावा पाय चांगला की उजवा, हे माहीत नव्हतं. सामन्यात चेंडू त्यांच्या आणि आमच्या मध्ये पडला की दोघंही थांबायचे, नाहीतर दोघंही धावून एकमेकांवर आदळायचे. गोल झाला की शिव्या कीपरला.

माझा जोडीदार माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. उंचापुरा, म्हणून शाळेतच कुणीतरी त्याला खांबांच्या मध्ये उभं केलं, तो तिथेच राहिला. झाडावरून पडता पेरू झेलावा तसा तो चेंडू सहज झेलायचा. माझं तसं नव्हतं. मी गावात पुढच्या फळीत खेळायचो. एकदा कीपर आला नाही म्हणून मला ढकललं गोलात, आणि लोकांना वाटलं, बरा आहे.

त्याला पोलीस व्हायचं होतं. घरी जमीन थोडी आणि भाऊ तिघे. जिल्ह्याच्या संघातून राज्य स्पर्धा खेळली तर भरतीत खेळाडूंच्या राखीव जागेवर अर्ज करता येणार होता. वयाच्या अटीमुळे त्याचं ते शेवटचं वर्ष होतं. जिल्ह्याचा संघ आमच्या कॉलेजचे सरच निवडायचे, त्यामुळे कीपर आमच्यातलाच जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तोच जाणार हेही. मीसुद्धा ते मनातून मान्य केलं होतं.

शेडखाली बसल्या बसल्या आम्ही एकच गोष्ट मागायचो. "आपल्यालेबी सगळ्याइच्या मंधात घ्यायले पायजे," तो म्हणायचा. "दोन महिने जरी सगळ्याइसंग खेळलो ना, तर एक गोल होऊ देनार नाई मी."

त्या वर्षी जुने सर निवृत्त झाले आणि नवे सर आले. वयाने तरुण, पुण्याकडे कसलंसं प्रशिक्षण घेऊन आलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "कीपर कुठे आहेत?" कुणीतरी शेडकडे बोट दाखवलं. "बोलवा त्यांना. आजपासून ते सगळ्यांबरोबर खेळतील." आम्ही धावत गेलो. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. लग्नाच्या पंगतीत पहिल्या पाटावर बसवल्यासारखा खुलला होता.

मग सरांनी सगळ्यांना रिंगण करून उभं केलं. चेंडू पायानेच एकमेकांकडे द्यायचा, मधल्या दोघांना तो मिळू द्यायचा नाही. कीपरनेही पायच वापरायचे. माझे पाय लगेच सरावले. त्याच्या पायाला लागलेला चेंडू मात्र थेट कुंपणाकडे जायचा. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "जमीनच उंचसखल हाय इथली." त्यावर एक बचावपटू ओरडला, "नाचता येईना, अंगण वाकडं!" सगळे हसले. तोही मोकळेपणाने हसला.

तो रोज आमच्याआधी यायचा. जिनिंगच्या भिंतीवर डाव्या पायाने, उजव्या पायाने चेंडू मारत राहायचा. मी त्याला पाय कसा वळवायचा ते दाखवायचो. तो मन लावून ऐकायचा आणि पुन्हा चुकायचा. पाय लहानपणी वळतात, नंतर वळवावे लागतात. पुढे पुढे पोरांनी हसणं सोडलं. त्यांनी त्याच्याकडे चेंडू देणंच सोडलं. तो त्या रिंगणात उभा असायचा, हात पुढे करून, आणि चेंडू त्याला सोडून फिरत राहायचा. मला वाटायचं, यापेक्षा ते हसणं बरं होतं.

निवडीच्या दिवशी सरांनी माझं नाव घेतलं. त्याला बाजूला नेऊन ते म्हणाले, "तुझ्यासारखे हात मी पाहिले नाहीत. पण मला मागून, पायाने खेळ सुरू करणारा कीपर लागतो." ते खोटं बोलत नव्हते. राग कुणावर धरावा, हेच मला कळेना. लोक म्हणतात, दैव देतं आणि कर्म नेतं. यात त्याचं कोणतं कर्म होतं? मला आनंदही झाला होता, आणि त्या आनंदाची शरम वाटत होती.

स्टेशनवर तो मला सोडायला आला. गाडी हलता हलता म्हणाला, "वरून चेंडू आला तर बुक्की नको मारू. धर." स्पर्धेत मी तसंच केलं. पुढे त्याच स्पर्धेच्या जोरावर मी पोलिसात लागलो.

गेल्या वर्षी माझी बदली मलकापूरला झाली. बाजाराच्या दिवशी बंदोबस्ताला उभा होतो, तर तो भाजीच्या रांगेत बसलेला. समोर मेथी, वांगी, मिरची. मला पाहून उठून उभा राहिला.

"या साहेब," तो म्हणाला.

"साहेब काय बे!" मी म्हणालो. "बस खाली."

बसला, पण अवघडूनच. गिऱ्हाईक करता करता त्याने विचारलं, "सुट्टीच्या दिवशी तुमी पोरायले फुटबॉल शिकवता म्हनते. खरं हाय का?"

"हाव."

"कीपरले कोठी उभं करता?"

"सगळ्याइतच. पहिल्या दिवसापासून."

त्याने मान हलवली. हातातली मेथीची जुडी एका बाईच्या पिशवीत टाकली, सुटे पैसे परत दिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "बरं करता. मलेबी बोलावलं होतं तसं. पन लय उशिरा बोलावलं."