तीन तोंडांचा मेहुणा

माझा मेहुणा न्हावी आहे. बायकोचा तो धाकटा भाऊ, म्हणून घरात त्याला सगळे धाकटाच म्हणतात, आता त्याच्या कानशिलांवर पांढरे केस आले तरी. या परक्या देशात तो आमच्या आधी आला. मी नंतर येऊन एका गोदामात नोंदी ठेवत निवृत्त झालो आणि इथेच राहिलो. त्याच्याबद्दल लिहावं असं बायकोच्या मनात होतं. मला ते कितपत जमेल, सांगता येत नाही.

धाकटा एका म्हाताऱ्या मालकाच्या दुकानात केस कापायचा. तीन खुर्च्या, एक लांब आरसा, कोपऱ्यात डोकं धुवायचं भांडं. त्याची एक सवय होती. गिऱ्हाईक नवीन तऱ्हेची दाढी किंवा मिशी मागायला लागलं, की तो ती आधी स्वतःच्या तोंडावर करून बघायचा. "दुसऱ्याच्या तोंडावर शिकायचं नसतं," म्हणायचा. त्यामुळे कधी भरघोस मिशा, कधी सफाचट, कधी हनुवटीवर नुसतं एक शेपूट. रविवारी तो आमच्याकडे आला की बायको दार उघडून विचारायची, "आज कोण आलंय म्हणायचं जेवायला?"

या सवयीनेच त्याचा घात केला.

झालं असं, की म्हाताऱ्या मालकाने दुकान सोडायचं ठरवलं आणि ते धाकट्यालाच द्यायचं कबूल केलं. अट एकच. महिनाअखेरच्या आत ठरलेली रक्कम बँकेतून त्याच्या खात्यात आली पाहिजे. नाही आली, तर शेजारचा चष्म्यांचा दुकानदार ती जागा घेऊन मधली भिंत पाडायला टपलेलाच होता. धाकट्याकडे पैसे होते. आयुष्यभर उभं राहून साठवलेले होते. फक्त ते बँकेत होते.

त्याच महिन्यात त्याच्या राहण्याच्या परवान्याची मुदत संपली आणि नवीन कार्ड आलं. नियमाप्रमाणे त्याने ते बँकेला नेऊन दाखवलं. आठवड्याने खातं गोठवलं गेलं. कारण विचारायला जायचं, तर घरच्यांनी मला बरोबर धाडलं. इथली भाषा मला त्याच्यापेक्षा बरी येते असा त्यांचा समज आहे.

बँकेच्या काचेच्या दारावर आठ भाषांत स्वागत लिहिलेलं होतं. आत एकाही भाषेत कोणी ऐकून घेत नव्हतं. यंत्रातून नंबराची चिठ्ठी घ्यायची, जमिनीला ठोकलेल्या खुर्चीत बसायचं आणि आपला नंबर लागेपर्यंत भिंतीवरच्या चित्रातलं हसरं कुटुंब बघायचं. त्या कुटुंबाचं खातं कधी गोठलं नसावं.

खिडकीत एक चष्मेवाल्या बाई होत्या. त्यांनी खातं उघडतानाचा जुना फोटो बाहेर काढला. त्यात मिशा. शेजारी नवीन कार्ड ठेवलं. त्यात टक्कल आणि सफाचट तोंड. मग त्यांनी मान वर करून धाकट्याकडे पाहिलं. त्या आठवड्यात त्याने कोरीव दाढी ठेवली होती.

"हे कोण?"

"मी."

"आणि हे?"

"तेही मीच."

"मग तुम्ही कोण?"

धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या हसऱ्या कुटुंबाकडे पाहिलं.

"ही तीन माणसं आहेत," बाई म्हणाल्या. "खातं एकाचं आहे."

"बाई, मी न्हावी आहे. केस वाढतात, कापतो."

"तसा रकाना नाही आमच्याकडे."

उपाय त्यांनी सांगितला. परवाना कार्यालयातून लिहून आणा, की तिन्ही तोंडं एकाच माणसाची आहेत. आम्ही तिकडे गेलो. तिथला माणूस म्हणाला, बँकेने लेखी विचारलं तर देऊ. परत बँकेत आलो. बाई म्हणाल्या, बँक कोणाला लेखी विचारत नाही. हे सांगताना त्यांच्या आवाजात असा अभिमान होता, जणू हा नियम त्यांच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने बांधला होता. इतक्या निर्मळ मनाने माणसाचा खेळखंडोबा करणारी जात मी दुसरीकडे पाहिलेली नाही. चोरालासुद्धा आपण चोरी करतोय हे कळत असतं.

धाकट्याने मग फोटोतल्यासारख्या मिशा वाढवायला घेतल्या. तोवर महिना सरत आला. मिशांचा आकार जमल्यावर आम्ही पुन्हा गेलो. बाईंनी पाहिलं, मान डोलावली आणि म्हणाल्या, "आता जुन्या फोटोशी जुळतं. नवीन कार्डाशी नाही."

"मग काय करू? अर्धी ठेवू?"

बाई हसल्या नाहीत. "शाखेतला कोणी अधिकारी तुम्हाला ओळखत असेल, तर तो सही करू शकतो."

हे त्यांनी पहिल्याच दिवशी का सांगितलं नाही, असं मी मनात विचारलं. मनातच.

धाकट्याचा चेहरा खुलला. "ओळखतात ना. तुमचे साहेब. एक शनिवार सोडून माझ्याच खुर्चीत असतात."

बाई आत जाऊन आल्या. "साहेब म्हणतात, त्यांच्या लक्षात नाही."

बाहेर फुटपाथवर धाकटा थांबला. मग म्हणाला, "दाजी, त्या माणसाच्या टाळूवर लहानपणीची खोक आहे. ती दिसू नये म्हणून मी केस कसे फिरवतो, ते त्याच्या बायकोलाही माहीत नसेल."

"खुर्चीत बसलेला माणूस आरशात स्वतःलाच बघतो रे," मी म्हणालो. त्याला बरं वाटावं म्हणून म्हणालो. माझं स्वतःचं मत वेगळं होतं आणि आजही आहे. साहेबाला ओळख होती. कोट चढवल्यावर ती नको होती, इतकंच.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी आम्ही दुपारभर बसून राहिलो, तेव्हा कुठे साहेबाने आत बोलावलं. गुबगुबीत गाल, टेबलावर स्वतःच्या नावाची चकचकीत पाटी, शेजारी कसलंतरी बक्षीस. आम्हाला बसा म्हणाला नाही.

"माझे हात बांधलेले आहेत," तो म्हणाला. हात मोकळे होते. एकात पेन होतं. "यंत्रच नाही म्हणतंय. या, इकडे येऊन स्वतःच बघा."

धाकटा टेबलाला वळसा घालून त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. साहेब पडद्यावरची दोन तोंडं पेनाने दाखवत होता. पण धाकट्याचं लक्ष पडद्याकडे नव्हतंच. साहेबाच्या मानेवर, कॉलरच्या वर, दोन केस कापायचे राहिलेले होते. मागच्या शनिवारचं त्याचंच काम. त्याचा हात उठला, तो कशासाठी हे त्यालाही कळलं नसावं. दोन बोटं साहेबाच्या टाळूवर टेकली आणि तोंडातून रोजचे शब्द निघाले.

"मान खाली."

साहेबाची मान खाली गेली. नुसती गेली नाही, हनुवटी छातीला टेकली, डोळे मिटले, पेन हातातून गळून टेबलावर पडलं. दोन क्षण तो तसाच होता, झोपी गेलेल्या पोरासारखा. फाईल घेऊन दारात आलेल्या चष्मेवाल्या बाईंनी ते पाहिलं. मी पाहिलं. मला हसू आलं, ते मी खोकल्यात घातलं.

साहेबाने डोळे उघडले. धाकटा हात मागे घेऊन घामाघूम उभा. आता आपलं दुकानही गेलं आणि परवानाही, असं त्याला वाटलं, हे त्याने मला नंतर सांगितलं.

"अरे, तुम्ही होय," साहेब म्हणाला. "मग आधी नाही का सांगायचं?"

लाज म्हणून काही त्या चेहऱ्यावर नव्हतं. बाईंकडे वळून तो म्हणाला, "यांना मी चांगला ओळखतो. अशा प्रकरणांत मी स्वतः लक्ष घालतो." आणि सही केली. एक सही. ती करायला त्याला चहाचा घोट घ्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. बाईंनी "हो साहेब" म्हणून कागद उचलला, जणू सगळं असंच व्हायचं ठरलेलं होतं.

बँक बंद व्हायच्या आत रक्कम मालकाच्या खात्यात गेली. भिंत उभीच राहिली. दुकान आता धाकट्याचं आहे. साहेब अजून येतो आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला सांगतो, "याला हे दुकान मी मिळवून दिलं." धाकटा ऐकतो, म्हणतो, "मान खाली," आणि साहेबाचं तोंड बंद होतं.

निघताना बाईंनी धाकट्याचा नवीन फोटो मिशांसकट काढून घेतला होता आणि बजावलं होतं, की कार्डाची मुदत संपेपर्यंत हेच तोंड ठेवायचं. तो ठेवतो. पण गिऱ्हाइकं नवीन तऱ्हा मागायची थांबलेली नाहीत, आणि दुसऱ्याच्या तोंडावर शिकायचं नाही हेही त्याने सोडलेलं नाही.

"दाजी काय दुसरे आहेत का?" तो म्हणाला.

सध्या माझ्या हनुवटीवर एक शेपूट आहे. बायको दार उघडते आणि आधी नीट बघून घेते. माझं खातं त्याच बँकेत आहे. माझ्या कार्डाची मुदत संपेपर्यंत ते शेपूट जाईल, असं धाकट्याने कबूल केलं आहे.