गारांचा इंग्रजी शब्द

एटापल्लीकडच्या आमच्या वस्तीत मॅट्रिक झालेली मी एकटी. ब्याऐंशी-त्र्याऐंशी साल असेल. पास होऊन गावात बसण्याचा त्रास काय असतो ते मला त्या मे महिन्यात कळलं.

एका संध्याकाळी गारा झाल्या आणि जंगलातल्या तेंदूच्या पानांची चाळण झाली. बाया तरी पहाटे पानं तोडायला गेल्याच, दुसरं काय करणार? पुडके बांधून पानं विकत घेतात त्या फडीवर नेले, तर पानं मोजून घेणारा मुन्शी म्हणे, ही अळीनं खाल्लेली आहेत, घेत नाही. गारांनी फाटली म्हटलं, तर म्हणे ठेकेदाराचा साहेब उद्या दुपारी येईल, तो ठरवेल. पण तो बाहेरचा आहे, मराठी वाचत नाही, इंग्रजीत लिहून द्या.

झालं. सगळ्या बाया माझ्या दारात, आणि सगळ्यांत पुढं माझी आई.

आणि मला गारांना इंग्रजीत काय म्हणतात तेच येईना! आमच्या पुस्तकात जिथं तिथं स्नो. मे महिन्यात गडचिरोलीत स्नो पडला असं लिहिलं असतं, तर साहेबानं पुडक्यांबरोबर मलाही फेकून दिलं असतं. शाळेतल्या गुरुजींकडे गेले. त्यांनाही येत नव्हतं, पण कबूल कोण करणार? डिक्शनरी माझ्या हातात देऊन मोकळे झाले. ती इंग्रजीतून मराठी. म्हणजे शब्द ठाऊक असेल तरच शब्द सापडणार. काय डोंबल शोधायचं त्यात? 'ए'पासून बसले, नुसते मराठी अर्थ वाचत. आई घडीघडी येऊन विचारायची, सापडला का. शेवटी वैतागून म्हणाली, "तुले येत नाई तं पास कशी झाली मंग?" डोकंच फिरलं माझं. 'एच'वर सापडला. हेल. एवढासा शब्द, आणि अख्खी दुपार खाल्ली मेल्यानं.

दुसऱ्या दिवशी साहेबानं माझा कागद दोनदा वाचला. चेहरा खुलला त्याचा. मुन्शीला दाखवला, किती साफ इंग्रजी आहे म्हणाला. मला पुढं शीक म्हणाला, कागद घडी करून खिशात घातला आणि जीपकडे निघाला. मी मागं धावले, पानांचं काय म्हणून विचारलं.

"पत्ता तो खराब है ना, बेटी," तो अगदी गोड आवाजात म्हणाला.

आई डोक्यावरचा भारा न उतरवता तशीच उभी होती. "काय म्हणे साहेब?"

"माह्यं इंग्रजी चांगलं आहे म्हणे."