लाल फांद्या

टेलरमास्तर दिवसातून निदान एकदा खोटं बोलायचे आणि त्याचं त्यांना काहीही वाटत नसे. गिऱ्हाईक पँट घेऊन यायचं, कंबरेला आवळतेय म्हणून कुरकुरायचं. मास्तर टेप लावायचे, पोट किती सुटलंय ते मनातल्या मनात वाचायचे आणि गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "कापड आटलंय हो. हल्ली मालच तसा येतो." मग शिवण उसवून आत दुमडून ठेवलेलं जादा कापड, म्हणजे माया, सोडायचे. गिऱ्हाईक खूश, मास्तर खूश. बिचाऱ्या कापडाची तेवढी बदनामी व्हायची.

दुकानाचं शटर ओढलं की हाच माणूस घरी जाऊन बुद्धिबळाचं झाड सांभाळत बसायचा. म्हणजे मुलगी खेळायची आणि झाड मास्तर सांभाळायचे. तिला शिकवणाऱ्या सरांनी लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर घालून दिलं होतं. डावाची सुरुवात कशी करायची, समोरच्याने काय केलं की आपण काय करायचं, हे सगळं त्यात एका झाडासारखं मांडलेलं. पहिली चाल म्हणजे बुंधा, त्याला फुटलेली प्रत्येक वेगळी चाल म्हणजे फांदी. फांदीवर क्लिक केलं की शेजारच्या पटावर सोंगट्या तिथवर सरकायच्या. जिथे मुलगी हरली ती फांदी लाल, बाकीच्या हिरव्या. जागा पुरावी म्हणून फांद्या मिटूनही ठेवता यायच्या. सराव करताना सॉफ्टवेअर समोरच्याच्या चाली या झाडातूनच काढायचं आणि मुलीने उत्तर द्यायचं.

मुलीला शाळा, क्लास, गृहपाठ. त्यामुळे तिच्या कागदावरचे डाव झाडात भरायचं काम मास्तरांनी अंगावर घेतलं. घोडा कसा चालतो हे त्यांना धड माहीत नव्हतं, पण कागदावर दिसेल ते जसंच्या तसं भरण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मुलगी त्यांना माळीबुवा म्हणायची. "काय माळीबुवा, आज किती फुटवे?" मास्तर फुलून जायचे. गिऱ्हाइकाच्या खांद्याला टाचण्या लावता लावता "आमच्या झाडाचा पसारा फार वाढलाय" असं सांगायचे. गिऱ्हाइकाला वाटायचं, मास्तरांनी कुठेतरी आंबा लावलाय.

गेल्या वर्षी एका स्पर्धेत मुलगी वाईट हरली. समोरच्या मुलीने कडेचं प्यादं, हत्तीपुढचं, दोन घरं पुढे रेटलं, हिने राजा कोपऱ्यात हत्तीआड नेऊन किल्लेकोट केला आणि पुढे राजाची जी दाणादाण उडाली ती उडालीच. मास्तरांनी डाव भरला, फांदी लाल झाली. नंतर सरावाला बसलं की तीच फांदी पुन्हा पुन्हा समोर यायची आणि पोरीचं तोंड एवढंसं व्हायचं. जेवणाच्या ताटावर नुसती बोटं फिरवत बसायची. बापाला ते बघवेना. एका संध्याकाळी ती क्लासला गेलेली असताना त्यांनी त्या मिटलेल्या लाल फांदीवर माऊस नेला. सॉफ्टवेअरने विचारलं, ही फांदी आणि तिच्याखालचं सगळं काढून टाकायचं का? मास्तरांनी 'हो' दाबलं. पोट झाकायची सवयच होती त्यांना. पुढे आणखी दोन-तीन लाल फांद्या तशाच गेल्या. मुलीच्या परीक्षा चालू होत्या, तिच्या लक्षातही आलं नाही. ती पुन्हा पोटभर जेवू लागली, यापेक्षा बापाला आणखी काय हवं होतं?

यंदा जिल्ह्याच्या संघाची निवड होती. शेवटच्या डावात नुसती बरोबरी झाली असती तरी मुलगी संघात जात होती. मास्तर बाहेरच्या बाकावर जीव मुठीत धरून बसले होते. ती बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे बघूनच त्यांना सगळं समजलं.

घरी आल्यावर चपला काढता काढता ती म्हणाली, "बाबा, मी खेळणं सोडतेय."

"अगं ठमे, एका डावाने काय होतंय?"

"एका डावाचं नाही हो. समोरच्या मुलीने तेच कडेचं प्यादं रेटलं. मला वाटलं, हे मी बघितलंय. सरांनी उत्तरही शोधून झाडात घालून दिलं होतं, असं आठवत होतं. पण सकाळीच सगळं झाड बघून गेले होते, त्यात तसलं काही नव्हतं. म्हटलं, मलाच भास होतोय. केला किल्लेकोट." तिने चपला भिंतीशी ढकलल्या. "माझ्या डोक्यात काही राहतच नाही. कशाला उगाच सगळ्यांचा वेळ घालवू?"

मास्तरांना आता उमगलं. म्हणजे त्या मिटलेल्या फांदीच्या आत, हरलेल्या चालीच्या शेजारीच, सरांचं हिरवं उत्तर होतं. त्यांनी उघडूनही बघितलं नव्हतं. गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? पोरीने स्वतःलाच बोल लावला होता, विषय तिथेच मिटला असता. पण तिला स्वतःच्या डोक्याबद्दल तसं वाटू द्यायचं, हे काही त्यांच्याने होईना.

"तुला बरोबर आठवत होतं," ते म्हणाले. "फांदी होती. मी काढून टाकली."

"का?"

"तू जेवत नव्हतीस."

ती लॅपटॉप उचलून आत गेली आणि दार लावून घेतलं. मास्तरांच्या आयुष्यात इतकी वाईट संध्याकाळ दुसरी आली नव्हती.

तिसऱ्या दिवशी ती शाळेतून थेट दुकानात आली आणि कापायच्या टेबलावर, कातरणं बाजूला सारून, लॅपटॉप ठेवला.

"सरांकडे जुनी फाइल होती. सगळ्या फांद्या परत आल्यात," ती म्हणाली. "आता एकेक लाल उघडायची. तुम्ही उघडायची, माझ्यासमोर. आणि आधी घोडा कसा चालतो ते शिकायचं."

मास्तरांनी चष्मा पुसला. नुसता चष्माच पुसायचा नव्हता, पण ते असो. पहिली लाल फांदी उघडली आणि आतून हिरवी चाल बाहेर आली. तेवढ्यात एक जुनं गिऱ्हाईक पँट घेऊन आत शिरलं.

"मास्तर, पुन्हा आवळायला लागली बघा."

मास्तरांनी टेप लावला. "कापड..." म्हणाले आणि थांबले. मुलगी पटावरून मान वर करून त्यांच्याकडेच बघत होती.

"साहेब," मास्तर टेप गुंडाळत म्हणाले, "तुमचं पोट सुटलंय."

गिऱ्हाइकाने त्यांच्या हातातून पँट ओढून घेतली आणि ते तरातरा निघून गेलं. तीन दिवसांत पहिल्यांदा पोरगी हसली, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"जाऊ दे त्यांना, माळीबुवा," ती म्हणाली. "पुढची लाल उघडा."