याकूबच्या गुडघ्यासाठी

नाना भरभरून बोलायचा तो फक्त मैदानावर, आणि तेही एकच शब्द. 'हुतूतूतू' करीत तो समोरच्या फळीत शिरला, की दोघा-तिघांना बाद करून परतेपर्यंत त्याचा दम तुटत नसे. मैदानाबाहेर मात्र विचारल्याशिवाय तोंड उघडत नसे. साक्रीकडच्या खेड्यातून तो धुळ्याच्या मिलमध्ये आला होता. वयानं आमच्याएवढाच, पण सारा संघ त्याला नानाच म्हणे.

मिलच्या या संघात आम्ही बहुतेक बदली कामगार. कुणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर घरी. खेळायचो म्हणून बोलावणं नेमानं यायचं, इतकंच. नानाच्या शेजारच्या खोलीत याकूब राही, आमचा भक्कम पकडवाला. सुट्टीला दोघं पांझरेवर कपडे धुवायला जात आणि मुक्यानंच परत येत. नाना म्हणायचा, "मी न बोलता त्याले बठ्ठं समजस."

एका सामन्यात याकूबचा गुडघा मोडला. काठी टेकत तो मिलच्या दारात आला, तेव्हा त्याच्या जागी दुसरा लागला होता. त्याला परत कुणी बोलावलं नाही.

पुढच्या स्पर्धेआधी मॅनेजरसाहेबांनी नानाला बोलावलं. सोबत मी गेलो.

"तुला कायम करतो," साहेब म्हणाले. "मात्र मिल सोडून दुसरीकडे खेळायचं नाही."

नाना म्हणाला, "खेयसू, साहेब. पन खेयता खेयता ज्याले लागी, त्याले हलकं काम द्या. याकूबपासून सुरू करा. तसं लिखी द्या."

"तू तुझ्यापुरतं बोल."

"उद्या मना पाय मोडना, ते मनासंगे बी तुम्ही असंच करशात."

बोलणी आणखी दोनदा झाली. साहेब नानाला राहायला चाळीत जागाही द्यायला तयार झाले, पण याकूबचं नाव निघालं की विषय बदलत. शेवटी नाना नमस्कार करून बाहेर पडला. त्यानंतर त्यालाही कामाचं बोलावणं आलं नाही.

स्पर्धेत आम्ही त्याच्याविना खेळलो. कुणाची पोरं लहान होती, कुणाचे आईबाप थकलेले. नानानंच सांगितलं, "तुम्ही खेया. मना राग नही." अंतिम सामना आम्ही जिंकलो. गर्दीच्या मागं तो एकटा उभा दिसला. हाक मारली, तर हात वर करून निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या खोलीला कुलूप होतं.

काही वर्षांनी तो साक्रीच्या बाजारात भेटला. पुढ्यात भुईमुगाच्या शेंगांची रास घेऊन बसला होता. त्यानं गोणपाट सरकवून मला जागा केली, चहा मागवला. मी विचारलं, "याकूब येतो का भेटायला?"

"पहिले येत व्हता. आते नही येस." त्यानं शेंगा वरखाली केल्या. "त्याले वाटस, त्यानामुये मना खेय गया. मनाकडे देखता त्यानी मान खाले जास. कितलं सांगं त्याले."

धुळ्याची गाडी समोरून सुटली.

"तुन्ही गाडी गई," नाना म्हणाला.

"जाऊ दे," मी म्हणालो, आणि त्याच्या शेजारीच बसून राहिलो.