मीठवाला आणि विधानसभेचा ठराव

त्या मीठवाल्याचं गप्प बसणं मी अजून विसरलेलो नाही. एकोणीसशे पन्नासनंतरची पहिली वर्षं होती. चांदा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, प्राणहितेकाठच्या ठाण्यावर मी फौजदार होतो. पलीकडचा काठ हैदराबाद राज्याचा. तिकडच्या जंगलात सशस्त्र टोळ्या वावरत होत्या आणि त्यांना इकडून कोण पोसतं, हा आमच्या हजेरीत रोजचा प्रश्न होता.

त्याच सुमारास आमच्या राज्याच्या विधानसभेत एक ठराव झाला. टोळ्यांना परदेशातून शस्त्रं मिळत असतील तर केंद्राने त्या देशाला जाब विचारावा आणि टोळ्यांची रसद तोडावी, असं त्यात म्हटलं होतं. ती निव्वळ शिफारस होती, कोणावर बंधन नव्हतं. पण वर्तमानपत्र गावात पोचेपर्यंत लोकांनी त्याचा कायदा करून टाकला. जो तो शेजाऱ्याच्या घरात काय येतं-जातं ते पाहू लागला.

एका सकाळी सागवानाचा ठेकेदार ठाण्यात आला. नदीच्या दोन्ही काठांवर त्याची लाकूडतोड चालत असे.

"साहेब, बाजारातला मीठवाला नावेतून टोळीले मीठ-तांदूळ पोचवून राह्यला. आता तं ठराव झाला. त्याले उचला."

"ठरावावर अटक होत नाही. पुरावा लागतो."

"माह्या मुकादमानं डोळ्यानं पाह्यलं."

मीठवाला मुसलमान, पन्नाशीतला. मिठाच्या बदल्यात चारोळी आणि डिंक घेणारा. पोलीस कारवाईच्या वेळी हैदराबादेत जे घडून गेलं होतं, त्यानंतर अशा माणसाकडे बोट दाखवणं फार सोपं झालं होतं. पंच बोलावून मी दुकानाची झडती घेतली. मिठाची पोती आणि चारोळीशिवाय काही सापडलं नाही. जबाबासाठी त्याला ठाण्यात आणलं.

"तुमची नाव पलीकडे जाते?"

"जाते साहेब. तिकडच्या बाजाराले."

"आणि तांदूळ कोणाचा जातो?"

तो एकदम थांबला. "तांदळाचं मले विचारू नका."

त्यानंतर त्याने तोंड उघडलं नाही. हवालदार माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "यानंच पोचवला, साहेब." संशय मलाही होता. पण निर्दोष माणूस भरभरून बोलतो आणि खोटारडा त्याहून जास्त, हे मी पाहिलेलं होतं. हा तर कोणाला तरी भ्यालेला दिसत होता.

मी मुकादमाला आत घेतलं आणि ठेकेदाराला बाहेर बसवलं.

"मीठ टोळीलाच मिळालं, हे तुला कसं कळलं?"

"पोते उतरताना पाह्यले ना."

"कुठे?"

"पहाडातल्या तळावर."

"त्या तळाचा पत्ता आमच्या तुकडीला अजून लागला नाही. तू तिथे कशाला गेला होतास?"

मुकादमाने दाराकडे पाहिलं. मग खाली मान घालून तो म्हणाला, "मालकाचा तांदूळ घेऊन."

आत बोलावल्यावर ठेकेदाराने फार आढेवेढे घेतले नाहीत. "नाई देला तं टोळीवाले माह्ये मजूर मारतीन. ठराव करणारे इथी राखणीले येणार हायेत काय?"

"मग मीठवाल्याला का गोवलंत?"

"झडत्या होणारच होत्या. पहिली माह्या घरी नोको होती."

खोटी खबर आणि टोळीला मदत, दोन्हींबद्दल त्याच्यावर गुन्हा नोंदवला. त्याने मजुरांबद्दल सांगितलं ते मात्र खरं होतं. म्हणून इकडच्या तोडीवर मी शिपाई ठेवले आणि तिकडच्या पोलिसांना कळवून पलीकडची तोड बंद करवली.

मीठवाल्याला सोडताना विचारलं, "तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"घाटावर रोज त्याचा तांदूळ चढताना दिसे. बोललो असतो तं इथी ठेकेदारानं जगू देलं नसतं, तिथी टोळीनं."

पुढच्या बाजाराला त्याच्या पालाकडे कोणी फिरकेना. मी गणवेशातच तिथे गेलो. "भाऊ, मीठ द्या." त्याने तोलून दिलं, वर एक मूठ जास्तीची घातली. माझ्या मागे एका गोंड म्हातारीने चारोळीची टोपली खाली ठेवली, तेव्हा कुठे बाकीचे पुढे सरकले.

त्यानंतर खबर आणणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच विचारत असे: तू तिथे काय करत होतास? आरोपीची चौकशी त्यानंतर. पुष्कळ खबरा तिथेच संपत. पण संशय असा संपत नाही, हेही मी तिथेच शिकलो. माझी बदली होईपर्यंत त्या मीठवाल्याची नाव पाण्यात शिरली की काठावरचे लोक हातातलं काम थांबवून तिच्याकडे पाहत राहायचे.