खोलीची तिसरी किल्ली

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी वाचते आणि बहुतेकदा हसते. राग मानू नका. आमची वाडी हिर्डोशीच्या वरच्या अंगाला, वरंधा घाटाकडं. आमच्याकडं प्रत्येक ओढ्याला, प्रत्येक वळणाला कुणी ना कुणी ‘आहे’ म्हणतात. कॉलेजला भोरला जायची पहिली एसटी गाठायला मी त्या सगळ्या वळणांवरून अंधारात चालत गेलेय, बी.एस्सी. होईपर्यंत. एकही भेटलं नाही. मला आडवी आली ती जिवंत माणसंच.

आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. हे मुद्दाम सांगते, कारण ते कुणी आणून दिलेलं नाही. केमिस्ट्री घेतली, आणि नवी मुंबईतल्या एका कंपनीनं लॅबमधल्या जागेसाठी इंटरव्ह्यूला बोलावलं. सकाळी लवकर हजर राहायचं होतं, म्हणजे आदल्या दिवशीच जायला हवं. मी मुंबई कधी पाहिली नव्हती. प्रश्न एकच... राहायचं कुठं?

आता आमच्या वाडीची मुंबईत खोली आहे. माझगावात, एका जुन्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर. गोदीत, बाजारात हमाली करणाऱ्या आमच्या माणसांनी ती पूर्वी घेतली. दरवर्षी होळीच्या सभेत घरटी पट्टी गोळा होते, त्यावर ती चालते. आत प्रत्येकाची जागा ठरलेली – एका माणसाच्या अंथरुणाएवढी. खिडकीखालचा कोपरा अण्णांचा, म्हणजे माझ्या वडलांचा. मी शाळेत असताना, दुपारचं जेवून ‘जरा पडतो’ म्हणाले आणि त्याच कोपऱ्यात गेले. आई तेव्हापासून दरवर्षी पट्टी देते. एकदाही चुकवलेली नाही.

म्हणून आईनं तात्यांना फोन लावला. तात्या अण्णांचे चुलतभाऊ, खोलीचा सगळा कारभार त्यांच्याकडं. स्पीकर चालू होता.

“वयनी, हितं बारा बाप्ये झोपत्यात. बाईमाणसाची सोय न्हाई.”

“आवं भावजी, येका रातीचा तर प्रश्न हाय. तिच्या बापाची जागा हाय ना तितं?”

“व्हती. आता आमच्या किरणची हाय. बापाची जागा पोराला जाती. तुमाला पोरगा न्हाई, त्याला मी काय करू?”

मीच ओरडले, “तात्या, पट्टी घेताना पोरगा हाय का इचारता का?”

“लई शिकली वयनी तुमची पोरगी,” असं आईला म्हणून त्यांनी फोन ठेवला.

लॉजचं नाव काढल्यावर आईनं मोबाईलच हातातून घेतला. लेडीज होस्टेलवाले एका रात्रीसाठी घेत नव्हते. शेवटी केतकी म्हणाली, “अगं, माझ्या दादाचा फ्लॅट आहे ना! त्यात काय एवढं?” केतकी माझी वर्गमैत्रीण, भोर गावातली, आई-वडील दोघं ऑफिसात. मी तिच्या वहिनीसाठी घरचा आंबेमोहोर घेतला आणि निघाले. कापूरहोळला उतरून पुढच्या गाडीची वाट बघत होते, तेवढ्यात मेसेज आला... ‘सॉरी गं, दादाकडे अचानक पाहुणे आलेत.’ खाली एक रडका चेहरा. तिचा नाही, मोबाईलमधला.

आईला फोन केला. ती म्हणाली, “माघारी ये.” मी म्हटलं, “आता न्हाई येत.” ठरवलं की सरळ माझगावला जायचं. तात्या आत घेणार नाहीत, पण ओळखीतल्या एखाद्या बाईकडं तरी सोय लावतील. एवढी लाज तर असेल.

दादरला उतरून, विचारत विचारत बसनं पोचले तेव्हा अजून चांगलं ऊन होतं. खोलीला कुलूप. सगळे कामावर. मी पायरीवर टेकणार, तोच समोरच्या दारातून एक बाई बाहेर आल्या. शबानाभाभी, नाव नंतर कळलं. नुकत्याच तिथं राहायला आलेल्या.

“तूच काय ती, गावाहून यायची होती ती? ही घे चावी.”

“कुणी दिली?”

“तुमच्या खोलीतलेच एक जण. मला नावं कुठं माहीत अजून! म्हणाले, आमची कारभारीण यायचीय, तिला द्या.”

कारभारीण... अण्णा मला म्हणायचे. सुट्टीवर आले की दारातूनच, “कारभारीण हाय का घरात?” एवढीशी होते मी. पण मी विचार करणारी मुलगी आहे. म्हटलं, आईनं परत फोन केला असणार, तात्या विरघळले असणार, आणि हा शब्द काय कुणीही वापरतं.

किल्ली लावली, कुलूप उघडलं. गॅलरीत चपलांजवळ एक अंथरूण गुंडाळून, दोरीनं बांधून ठेवलेलं होतं. आत खिडकीखालच्या कोपऱ्यात चटई अंथरलेली, वर चादर, उशाशी पाण्याचा तांब्या, त्यावर फुलपात्र पालथं. मला तात्यांबद्दल इतकं बरं वाटलं की काय सांगू. हातपाय धुतले, वही काढून टायट्रेशनची उजळणी केली आणि तिथंच झोप लागली. भीती? छे. घरच्यासारखी झोपले.

जाग आली ती किरणच्या आवाजानं. “आयला, माजं अंथरूण भायेर कुणी टाकलं?”

दारात तात्या, मागं किरण, त्याच्यामागं बाकीचे. सगळे माझ्याकडं बघतायत.

“तू आत कशी आलीस?” तात्या म्हणाले.

“किल्लीनं. तुमीच ठिवली होती ना?”

तात्यांनी करदोड्याला बांधलेली किल्ली वर काढून दाखवली. दुसरी खोलीतल्याच बबनमामांकडं असते, ती त्यांच्या खिशात निघाली. तिसरी किल्ली खोलीला नाहीच, असं सगळे म्हणाले. तात्यांनी माझ्या हातातली घेतली, कुलपात घातली, फिरवली. उघडलं. परत लावलं, परत उघडलं. मग ती किल्ली अशी खाली टाकली, जशी विंचवाची नांगी हाताला लागावी.

शबानाभाभींना बोलावलं. त्यांनी तेच सांगितलं. ‘कारभारीण’ म्हटल्यावर बबनमामा खिडकीखालच्या कोपऱ्याकडं बघायला लागले.

“शंकर हाय ह्यो,” ते अण्णांचं नाव घेऊन म्हणाले. “पोरीची सोय करून गेला.”

“तात्या, म्या आता त्या कोपऱ्यात झोपणार न्हाई,” किरण म्हणाला.

“मग मी झोपते,” मी म्हटलं.

“तू गप!”

“का गप? तुमीच म्हणताय ना, माझ्या बापानं येऊन सोय केली?”

“केली आसंल. म्हणून काय रीत मोडायची?”

नारळ आणला, खोलीवरून ओवाळून खाली रस्त्यावर फोडला. किरणनं हात जोडून कोपऱ्याला नमस्कार घातला. हे सगळं भक्तिभावानं झालं, आणि मग माझी बॅग गॅलरीत आणून ठेवली. त्या बारा जणांना मेलेला माणूस कुलूप उघडून चटई अंथरतो हे एका मिनिटात पटलं. जिवंत मुलगी त्या चटईवर रात्रभर झोपू शकते, हे काही पटलं नाही.

शबानाभाभी कमरेवर हात ठेवून बघत होत्या. “एवढे बाप्ये, आणि एका पोरीला घाबरता?”

“तिला न्हाई ओ भाभी,” बबनमामा खाली बघून म्हणाले, “तिच्या बापाला.”

“मग त्यालाच घाबरून तिला आत घ्या ना!”

शबानाभाभींनी माझी बॅग उचलली आणि आपल्या घरात नेली. आंबेमोहोर मी त्यांनाच दिला. रात्री त्यांच्या मुलींच्या मध्ये झोपले, सकाळी इंटरव्ह्यू दिला. नोकरी लागली. आता नवी मुंबईतच आणखी तिघींबरोबर राहते.

आता राहिलं स्पष्टीकरण. मी खूप डोकं चालवलंय. आईनं परत फोन केलाच नव्हता, “मी कशाला त्यांच्या पाया पडू?” म्हणाली. मी खोलीवर निघालेय हे तिलाही सांगितलं नव्हतं, ऐकलं असतं तर तिनं रडून गोंधळ घातला असता. मग वाटतं, त्या बारा जणांतच कुणीतरी असेल, ज्याला मनातून वाईट वाटलं, ज्यानं किल्ली करून घेतली आणि बोलायची हिंमत झाली नाही. मी एकेकाला बाजूला घेऊन विचारलं. सगळ्यांनी देवाशपथ नाही म्हणून सांगितलं. शबानाभाभींनी त्या संध्याकाळी सगळ्यांना पाहिलंच होतं, तरी त्यांना मोबाईलवर एकेकाचा फोटो दाखवला, म्हणाल्या, यातला कुणी नाही. अण्णांचा एकुलता फोटो लग्नातला, मुंडावळ्या बांधलेला. तो बघून म्हणाल्या, “असेल... नसेल. कसं सांगू?” आणि त्या दिवशी मी येणार हे तरी त्या माणसाला कुणी सांगितलं? इथं माझं गणित थांबतं.

खरं सांगते, जिवंत माणूस निघाला असता तर मला जास्त आनंद झाला असता.

यंदा होळीच्या सभेला मी स्वतः गेले. खिडकीखालचा कोपरा आता रिकामाच असतो, तिथं रोज अगरबत्ती लावतात, असं कळलं. मी उभी राहिले आणि म्हटलं, “रिकामा ठेवण्यापरीस गावातल्या मुली परीक्षेला, इंटरव्ह्यूला मुंबईला जातात, त्यांना येका रातीपुरता द्या. मधी पडदा लावा.”

तात्या शांतपणे म्हणाले, “तसं कसं चालंल? ती जागा शंकरची हाय. त्याच्या जागंवर परक्याला झोपवायचं व्हय?”

मी सभेवर नजर फिरवली. कुणीही हसलं नाही.